दूरच्या लेकराची सेवा व आपली तयारी

गेल्या पावसाळ्यात आमच्या पातूर येथील मंडळीपुढे एक विनंती आली. मंडळीतील एक तरुण भगिनी, जिने परिचारिकेचे शिक्षण नुकतेच पुरे केले आहे, व एक तरुण बंधू, असे दोघे जण शहरातील काही ख्रिस्ती बांधवांच्या जथ्याबरोबर नेपाळात जाऊ इच्छीत होते. तेथे अपंग मुलांचे एक वसतिगृह आहे. त्या मुलांची बारा दिवस सेवा करावी, त्यांस खाऊ व कपडे द्यावेत, गाणी शिकवावीत आणि प्रभूच्या प्रीतीची साक्ष द्यावी, असा जथ्याचा बेत होता. प्रवासखर्चासाठी मंडळीने दानार्पण गोळा करावे व प्रार्थना करून त्यांस निरोप द्यावा, एवढेच त्यांचे मागणे होते. ते ऐकून आम्हांस आनंद झाला, हे प्रथम सांगितले पाहिजे. ज्या वऱ्हाडात समुद्रापलीकडची माणसे शुभवर्तमान घेऊन आली, त्याच वऱ्हाडातील एका लहानशा मंडळीतून कोणी परदेशी सेवेस निघावे, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

रविवारी उपासनेनंतर आम्ही ही विनंती सर्वांपुढे ठेविली. दोघा-तिघा वडिलांनी अनुमोदन दिले. इतक्यात मागल्या बाजूस दाराशी बसलेली एक बाई उठून उभी राहिली. ती कपाशी वेचावयास, निंदावयास रोजाने जाते. तिचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. जन्माचे वेळी मेंदूस इजा पोहोचल्यामुळे त्याचे हातपाय ताठ असतात, मान सावरत नाही व बोलता येत नाही. बाई सभेत कधी बोलत नाही. त्या दिवशी ती म्हणाली, “पाळकसाहेब, नेपाळ लय दूर असन. माहं घर त नाल्याच्या पल्याड हाय. नऊ वर्सं झाले, लेकराले पाहाले कोनी आत आलं नाही. जातात त जाऊ द्या बाप्पा, पन जायच्या आंधी यकडाव माह्या लेकराले उचलून पाहा म्हना.” एवढे बोलून ती खाली बसली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते सर्वांस अधिक लागले.

आम्हांस तर फारच लागले. त्या घरी आम्ही दर नाताळात जात असू. दारात उभे राहून प्रार्थना करीत असू, आशीर्वाद देत असू व पुढल्या घराकडे वळत असू. मुलगा आतल्या खोलीत खाटेवर असतो, हे आम्हांस ठाऊक होते. त्याचे नाव मात्र त्या रविवारी आम्हांस पटकन आठवले नाही.

मंडळीच्या पंचांनी आमचे मत विचारले, आणि आम्ही चार आठवड्यांचा अवधी मागून घेतला. त्या अवधीत जे विचार मनात आले ते येथे मांडीत आहो, कारण अशा विनंत्या आता इतर मंडळ्यांपुढेही येऊ लागल्या आहेत व उपदेशक बंधूंस त्यांचे उत्तर द्यावे लागते.

पहिले उत्तर जे कोणाच्याही तोंडी येईल ते असे की, आधी घरचे पाहावे, मग बाहेरचे. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. जो मनुष्य “आधी घरचे” असे म्हणतो तो बहुधा बाहेरही जात नाही आणि घरचेही करीत नाही. त्याचे म्हणणे केवळ उठावयाचे टाळण्यासाठी असते. शिवाय ज्यांनी आपणांस शुभवर्तमान आणले त्यांच्याही गावी लंगडे, आंधळे व अनाथ होतेच. त्यांनी हाच हिशेब केला असता तर वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले नसते. आमच्या पातुरावरून मेडशी-मालेगावकडे जो रस्ता जातो, त्याच रस्त्याने आमच्या भागातील किती तरी बाळंतिणी बैलगाडीतून वाशीमला नेल्या, असे आमच्या घरची वडील माणसे सांगत. ते रुग्णालय नाझरीन मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी १९३८ साली सुरू केले. तेव्हा दूर जाण्यात दोष नाही. नेपाळातील मूल व नाल्यापलीकडील मूल या दोहोंत देवाजवळ अंतर नाही. ते अंतर आमच्या मनात आहे, आणि नवल असे की ते उलटे आहे. दूरचे मूल आम्हांस जवळचे वाटते व जवळचे दूर. असे का व्हावे?

आमचा एक अनुभव सांगतो. पुष्कळ वर्षांमागे, आम्ही नुकतेच धर्मशिक्षण संपवून पाळकाचे काम पाहू लागलो होतो, तेव्हा परदेशाहून आलेल्या एका जथ्याबरोबर दुभाषी म्हणून आमची नेमणूक झाली. अपंग मुलांच्या एका संस्थेत आम्ही चार दिवस होतो. पाहुणे मनाचे प्रेमळ होते. त्यांच्या प्रीतीविषयी आम्हांस आजही संशय नाही. त्यांनी मुलांस मांडीवर घेतले, फुगे दिले, तोंडावर रंग काढले, छायाचित्रे घेतली. एक सात-आठ वर्षांचा मुलगा होता, ज्यास ऐकू येत नसे व बोलता येत नसे. तो आमच्यातील एका बाईंस असा बिलगला की चारही दिवस त्याने त्यांचा हात सोडला नाही. निघण्याच्या वेळी बाई रडल्या, आम्हीही रडलो, स्तोत्र म्हटले व गाडीत बसलो. महिन्याभराने काही कागदपत्रांच्या निमित्ताने आम्ही पुन्हा तेथे गेलो. स्वयंपाकीण बाईने आम्हांस ओळखले. ती म्हणाली की, त्या मुलाने दोन दिवस अन्न घेतले नाही व फाटकाच्या लोखंडावर कपाळ आपटून फोडून घेतले; आणि दर वर्षी असेच होते, कधी हा मुलगा तर कधी ती मुलगी. “तुम्ही लोक येता, मग आम्हाला पंधरा दिवस निस्तरावं लागतं,” एवढेच ती म्हणाली. त्या बहिऱ्या मुलास “आम्ही शनिवारी जाणार” हे खुणेने सांगण्याचे चार दिवसांत कोणास सुचले नव्हते. दुभाषी असूनही आम्हांस सुचले नव्हते! जे बोलू शकत होते त्यांचेच बोलणे आम्ही इकडचे तिकडे करीत होतो.

तेव्हापासून आमच्या मनात हा प्रश्न आहे की, त्या चार दिवसांत सेवा कोणी कोणाची केली? त्या मुलांनी आमची केली, असे म्हणावे लागते. आम्हांस आपण प्रेमळ आहो असे वाटावे, म्हणून त्यांनी आपले अंग, आपले हसू व आपली ओढ आम्हांस दिली, आणि त्याची किंमत मागाहून एकट्याने भरली. जवळच्या मुलाकडे आपण जात नाही याचेही कारण येथेच सापडते. नाल्यापलीकडच्या घरी एकदा आत गेले की पुढल्या आठवड्यासही जावे लागेल. नेपाळातून मात्र तेराव्या दिवशी परत येता येते.

म्हणून तयारीचा विचार केला पाहिजे. तयारी म्हटली की जथ्याच्या पत्रकात लस, गरम कपडे, औषधे, खेळणी, गाण्यांची वही अशी यादी असते. ते सर्व असावे. परंतु आपल्याच लोकांत परदेशगमनाची जी थोर उदाहरणे झाली त्यांत तयारी हा शब्द निराळ्या अर्थाने दिसतो.

पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेस घेऊन विलायतेस गेल्या. वैद्यक शिकावे व परत येऊन आपल्या भगिनींची सेवा करावी, असा त्यांचा हेतू होता. परंतु त्यांस ऐकू कमी येऊ लागले होते, आणि त्या बहिरेपणामुळे वैद्यकाचा मार्ग बंद झाला. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्यांस आपण थोर सेविका म्हणतो त्या स्वतः आजच्या कायद्याच्या भाषेत अपंग होत्या. त्यांनी मार्ग बदलला. वाँटेज येथील भगिनींजवळ व चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकल्या व शिकविल्या. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियास गेल्या, आणि तेथे लहान मुलांस खेळातून शिकविण्याची फ्रोबेलची बालोद्यान पद्धती शिकून घेतली. १८८९ साली परत येऊन त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. म्हणजे परदेशी सुमारे सहा वर्षे गेली, ती बहुतेक शिकण्यात गेली. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, आणि केडगावास मुक्ती सदन वाढले, तेव्हा त्यांत आंधळ्या मुलीही होत्या. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली व त्या मुलींस वाचावयास शिकविले. आंधळ्या मुलीस गाणे म्हणून दाखविणे सोपे आहे. तिच्यासाठी आधी स्वतः बोटांनी वाचावयास शिकणे कठीण आहे. १९०० साली मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनी अंधांची शाळा उघडली, तेथेही शिक्षिकेस आधी विद्यार्थिनी व्हावे लागले असेल, यात शंका नाही.

भाषेचेही तसेच. नव्याने आलेल्या मिशनऱ्यास पंडित नेमून मराठी शिकावी लागे, परीक्षा द्यावी लागे. त्याआधी त्याच्यावर स्वतंत्र काम सहसा सोपविले जात नसे. त्यांच्या मराठीची थट्टा आपल्या आजोबा-पणजोबांनी पुष्कळ केली आहे. पण जो मनुष्य दोन वर्षे आपणांस हसू देतो व चुकत चुकत आपली भाषा शिकतो, तो आपणांस मनुष्य समजतो, हे त्या थट्टा करणारांसही कळत होते. आता नेपाळी भाषा आपल्याच बाळबोध लिपीत लिहितात, मराठी मनुष्यास ती अक्षरे वाचता येतात. तरी जथ्याच्या बेतात भाषेसाठी एकही दिवस राखलेला नव्हता. आणि ज्या मुलास शब्द नाहीत त्याची भाषा तर याहून कठीण. तो डोळा कसा मिटतो, मान कोणीकडे फिरवितो, कोणता आवाज भुकेचा व कोणता दुखण्याचा, हे त्याच्या आईस नऊ वर्षांत कळलेले असते. आपणांस ते बारा दिवसांत कसे कळावे?

प्रभूचे उदाहरण याहून बोलके आहे. मार्काच्या दहाव्या अध्यायात यरीहोच्या वाटेवर बार्तीमय हाका मारीत होता. तो आंधळा आहे हे तर उघडच दिसत होते, आणि त्यास काय हवे हेही कोणालाही सांगता आले असते. तरी प्रभूने त्यास जवळ बोलावून, मी तुझ्यासाठी काय करावे, असे विचारले. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या मनुष्यासही त्याने बरे होण्याची इच्छा आहे काय, असे विचारले. सर्वज्ञाने विचारावे आणि आपण न विचारता पिशवी भरावी! आमच्या जथ्याने त्या वसतिगृहास पत्र लिहून तुम्हांस काय पाहिजे असे विचारले होते काय, असे आम्ही त्या तरुण बंधूस विचारले, तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला की, “आम्ही येत आहो एवढे कळविले आहे.”

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. जथ्याच्या बेतात साक्ष देण्याचाही भाग होता, आणि आमच्या काही वडिलांस तोच मुख्य वाटत होता. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेप्रमाणे दुसऱ्यास धर्मांतर करावयास लावणे निषिद्ध आहे, आणि २०१८ पासून अमलात असलेल्या फौजदारी संहितेत त्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. एक वडील म्हणाले की, प्रेषितांनी तरी अधिकाऱ्यांचे कोठे ऐकले? हे खरे आहे. परंतु प्रेषितांनी फटके स्वतःच्या पाठीवर घेतले. येथे आपण तेराव्या दिवशी सरहद्द ओलांडून येऊ, आणि चौकशी होईल ती त्या वसतिगृहाची. मुले हलविली जातील ती तेथील. दुसऱ्याच्या पाठीवर शौर्य दाखविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

पण कायदा नसता तरी आम्ही हाच प्रश्न विचारला असता. जे मूल आपल्या हाताने घास घेऊ शकत नाही, ते आपल्या हातातील चमच्यावर अवलंबून असते. त्यास उठून जाता येत नाही, नको म्हणता येत नाही. अशा चमच्याने अन्नाबरोबर आणखी काही भरवावे काय? येथे आम्ही परक्याविषयी बोलत नाही, आपल्याच घराविषयी बोलत आहो. आमचे पणजोबा १९०० सालच्या दुष्काळात आईबापांवाचून राहिलेले पोर होते. वऱ्हाडातील एका मिशन अनाथालयात ते वाढले. “भाकरीचे ख्रिस्ती” हा टोमणा त्यांनी जन्मभर ऐकला, आमच्या आजोबांनी ऐकला, आणि शाळेत आम्हीही ऐकला. पणजोबा म्हातारपणी म्हणत, असे घरात सांगतात, की पहिले गुडघे टेकले ते भाकरीचे उपकार फेडावयास. प्रभूसाठी टेकले ते मागाहून, स्वतः बाप झाल्यावर. ज्यांनी त्यांस वाचविले त्यांचे ते अखेरपर्यंत कृतज्ञ होते व आम्हीही आहो. तथापि ते पहिले गुडघे त्यांच्या मनात सलत राहिले. त्यांस तरी पुढे मोठे होऊन आपला विश्वास आपण निवडता आला. ज्या मुलाची समज कायमची लहान राहणार, त्यास ती दुसरी संधी मिळणार नाही.

याचा अर्थ असा नव्हे की आपण कोण हे लपवावे. कोणी विचारले तर ख्रिस्ती आहो असे सांगावे; प्रार्थना आपल्या खोलीत करावी, आणि पुष्कळ करावी. मुलाजवळ मात्र घास हा घासच असावा. आमच्या या मतास पुष्कळ बंधू रुकार देणार नाहीत, हे आम्हांस ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट, जी आम्हांस पूर्वी ठाऊक नव्हती. अशा वसतिगृहांतील व अनाथालयांतील पुष्कळ मुलांचे आई किंवा बाप, किंवा दोघेही, हयात असतात. गरिबीमुळे, किंवा गावात शाळा व उपचार नाहीत म्हणून, मूल तेथे ठेविलेले असते. नेपाळात व कंबोडियात तर पाहुण्यांच्या पैशासाठी मुले घरून आणून अनाथ म्हणून ठेविल्याचे प्रकार उघडकीस आले. म्हणूनच ऑस्ट्रेलियाने २०१८ साली गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तेव्हा अनाथालयांच्या नावाने चालणाऱ्या या मुलांच्या व्यापाराची त्यात दखल घेतली. सर्वच संस्था अशा नाहीत. बहुतेक ठिकाणी भली माणसे तुटपुंज्या पगारावर राबत असतात. तरी जाणाराने आधी विचारावे की, या मुलाची आई कोठे आहे? आपल्या प्रवासाचा पैसा त्या आईच्या दारी पोहोचला तर मूल घरी राहील काय?

दुसऱ्या शमुवेलाच्या नवव्या अध्यायावर आपण मोठ्या आवडीने उपदेश करितो. दोन्ही पायांनी लंगडा मफीबोशेथ राजा दाविदाच्या पंक्तीस नित्य जेवू लागला, ही कथा सुंदर आहेच. पण राजाने बोलाविण्यापूर्वी तो कोठे होता? लो-दबारात, अम्मीएलाचा पुत्र माखीर याच्या घरी. पाच वर्षांचा असता दाईच्या हातून पडून तो लंगडा झाला. पुढे तो या माखीराच्या घरी राहत होता. दाविदास त्याची आठवण झाली तेव्हा मफीबोशेथास स्वतःस एक लहान मुलगा झाला होता, इतका काळ लोटला होता. माखीरावर उपदेश आम्ही आजवर ऐकला नाही, आणि केलाही नाही. राजवाड्यास सर्वांनी नावाजले, पण लो-दबारातील खाट कोण घालीत होते, हे कोणी विचारले नाही.

असा एक माखीर आपल्याच वऱ्हाडात आहे. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या अपंग व मतिमंद मुलांसाठी आश्रम चालविला आहे. शंभराहून अधिक मुलांस त्यांनी बाप म्हणून आपले नाव दिले. २०२४ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली; त्याच साली त्यांची एक अंध मानसकन्या, जी तान्ही असता जळगावच्या रेल्वे स्थानकावर टाकलेली सापडली होती, लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. परंतु आम्हांस याहून मोठी वाटणारी गोष्ट निराळी आहे. अठरा वर्षे पुरी झाली की अनाथ मुलास बालगृहातून बाहेर पडावे लागते, असा नियम आहे. ज्यास स्वतःचे नाव सांगता येत नाही त्याने अठराव्या वाढदिवशी कोठे जावे? शंकरबाबांनी आपल्या मुलांस बाहेर काढले नाही, आणि अशा मुलांस आजन्म घर मिळावे म्हणून ते वर्षानुवर्षे सरकारशी भांडत आले. ते ख्रिस्ती नाहीत. शोमरोनी मनुष्याचा दाखला सांगताना प्रभूने याजक व लेवी कोणत्या बाजूने गेले हे सांगितले आहे, आणि आम्ही पाळक आहो, हे आम्ही विसरत नाही.

हल्ली सरकारी कागदांत “दिव्यांग” असा शब्द लिहितात. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची गणना आहे. शब्द बदलला तो चांगल्या हेतूनेच बदलला असेल. नाल्यापलीकडच्या आईने मात्र प्रमाणपत्रासाठी चार रोज बुडविले, आणि अजून ते तिच्या हाती आले नव्हते. तिच्या शेजाऱ्यांत आपल्याच मंडळीतील एक घर आहे. त्या घरची वडील बाई तिला म्हणाली होती की, कोणाच्या तरी पापाचे हे फळ असावे. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झाल्या तरी योहानाच्या नवव्या अध्यायातील शिष्यांचाच प्रश्न अजून आपल्या ओट्यावर बसून आहे. प्रभूने त्याचे उत्तर देऊन टाकले आहे, हे जणू ऐकलेच नाही.

चार आठवड्यांनी आम्ही पंचांस आमचे मत दिले. ते असे की, दानार्पण गोळा करावे, पण बारा दिवसांच्या प्रवासासाठी नव्हे. त्या भगिनीस परिचारिकेची विद्या आहे. ती जाणार असेल तर निदान तीन महिने राहण्याच्या बोलीने जावी, मुलांस जीव लावून निघून येण्याऐवजी तेथील दाया व आया यांस काही शिकवून यावी व त्यांच्याकडून शिकून यावी. आणि त्याआधी सहा महिने तिने नेपाळी शिकावी व रोज संध्याकाळी नाल्यापलीकडे जावे. वसतिगृहास मंडळीच्या नावाने पत्र लिहून तुम्हांस काय हवे असे विचारावे. आमचे हे मत सर्वांस पसंत पडले नाही. तरुण बंधू फार हिरमुसला. त्याने आपल्या पदरच्या पैशाने जथ्याबरोबर जाण्याचे ठरविले व तो गेला. आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली, आणि त्यात ढोंग नव्हते.

तो परत आल्यावर त्याने आम्हांस छायाचित्रे दाखविली. हिमाच्छादित डोंगर, मुलांचे हसरे चेहरे, रंगीत टोप्या. एका मुलीच्या चित्रावर तो थांबला व म्हणाला, “ही मला फार आवडत होती.” तिचे नाव आम्ही विचारले. त्याने बराच विचार केला, मग चित्राकडे पाहत राहिला. आम्ही पुढे काही बोललो नाही, कारण तसाच रविवार आमच्याही वाट्यास आला होता. आता तो दर महिन्यास आपल्या मिळकतीतून थोडे पैसे त्या वसतिगृहास पाठवितो, आणि पहिल्या पत्रात त्याने त्या मुलीचे नाव विचारून घेतले.

वसतिगृहाचे उत्तर मंडळीस आले तेव्हा आम्ही ते उपासनेत वाचून दाखविले. खेळणी पुष्कळ आहेत, ती पाठवू नयेत. ताठ हातपायांच्या मुलांस भरविणे, उचलणे व बसविणे जाणणारे कोणी असेल तर हवे आहे, आणि येणाराने परत जाण्याचा दिवस मुलांस आधीच सांगावा, असे त्यात होते.

ती भगिनी रोज नाल्यापलीकडे जाते. पहिल्या दिवशी तिला वाटले होते की आपण शिकलेल्या आहो, आईस शिकवू. आणि काही गोष्टी तिने खरोखरच शिकविल्या. मूल निजलेले असता त्याच्या तोंडात घास घालू नये. त्यास बसते करावे, मान मागे पडू न देता किंचित पुढे झुकती ठेवावी, चमचा लहान घ्यावा, अन्न फार पातळ नसावे, आणि पहिला घास गिळल्याची खात्री झाल्यावाचून दुसरा देऊ नये, म्हणजे ठसका लागून अन्न श्वासनलिकेत उतरण्याचा धोका कमी होतो. ताठ झालेल्या मुलास काखेत धरून ओढू नये; गुडघे वाकवून, पाय दोहों बाजूंस करून कडेवर घ्यावे, म्हणजे अंग सैल पडते. हे उपदेशक बंधूंनीही लक्षात ठेवावे, कारण अशी मुले प्रत्येक गावी आहेत. डेव्हिड वर्नर या अमेरिकन गृहस्थांनी मेक्सिकोतील एका खेड्यात स्वतः अपंग असलेल्या कार्यकर्त्यांबरोबर काम करून १९८७ साली खेड्यातील अपंग मुलांविषयी एक मोठे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात लाकूड, गोणपाट व मातीचा ढीग यांनी मुलास बसविण्याच्या पुष्कळ युक्त्या चित्रांसह दिल्या आहेत. त्यातील एक पाहून आमच्या सुतार बंधूने बाभळीच्या लाकडाची खुर्ची केली. पहिली बिघडली, दुसरी बरी झाली.

परंतु भगिनीचे म्हणणे असे की, तिने शिकविले त्याहून ती शिकली अधिक. मुलगा नको म्हणतो तेव्हा जीभ पुढे काढतो, हे तिला आईने सांगितले. ती आधी त्यास तोंड उघडणे समजत होती व तसाच घास देत होती. आवाज न करता हसतो, ते हसणे खांद्यावर हात ठेविला तरच कळते, हेही आईने सांगितले. रेणुकेच्या टेकडीकडून वारा आला की त्याचे अंग सैल पडते, म्हणून संध्याकाळी खाट अंगणात काढावी लागते. खाट उचलावयास दोन माणसे लागतात. त्यांपैकी एक बहुधा आम्ही असतो, दुसरा ज्याची पाळी असेल तो.

तिची नेपाळी भाषा अजून अर्धवटच आहे. सहा महिने पुरे व्हावयाचे आहेत, तिकीट काढलेले नाही. तिने मुलास सांगावयास सुरुवात केली आहे की ती काही दिवस जाणार व परत येणार. त्यासाठी आईने भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या आहेत, आणि रोज एक रेघ त्याचा हात धरून पुसावयाची असे ठरले आहे. गेल्या आठवड्यात वेचणीच्या दिवसांत आई नऊ वर्षांत प्रथमच सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पूर्ण रोजाने शेतात गेली. संध्याकाळी परतली तेव्हा तिने दारातून हाक मारली नाही. चपला बाहेर काढून ती तशीच उंबऱ्यावर बसली, आणि आत चमच्याचा आवाज येत होता तो ऐकत राहिली.